इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये मास्टर्स करावं का? स्पष्ट सांगा

तिन्हीसांज
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. राज्यशास्त्रात बीए झालंय, सध्या एका रिसर्च कंपनीत डेटाचं काम करते, म्हणजे सर्व्हेचा डेटा साफ करणं, तक्ते काढणं, रिपोर्टची पानं लिहिणं. काम वाईट नाही. पण मला निर्वासित आणि स्थलांतर या विषयात काम करायचंय, हे कॉलेजपासून डोक्यात पक्कं आहे, आणि ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले मास्टर्सशिवाय कोणी दारात उभं करणार नाही. म्हणून इंटरनॅशनल रिलेशन्स, पुढे नुसतं आयआर लिहिते, याच्यासाठी अर्ज केले होते.

दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक अमेरिकेत दोन वर्षांचा कोर्स, अर्धी फी स्कॉलरशिपमधून. दुसरा लंडनला एक वर्षाचा, स्कॉलरशिप नाही पण एकूण खर्च कमी. लोन दोन्हीकडे काढावं लागणार. मुदत अगदी जवळ आलीय आणि २०२५ पासून मदतसंस्थांचे पैसे ज्या वेगाने आटलेत ते बघून पोटात गोळा येतो. या क्षेत्रात काम करणारं किंवा ही डिग्री केलेलं कोणी आहे का इथे? डिग्रीने नक्की काय मिळालं, तेवढं सांगा.

गलबत
अभिनंदन आधी. आता मुद्द्याचं. आयआर करून डिप्लोमॅट होतात असं बऱ्याच जणांच्या मनात असतं, ते आधी काढून टाका. अमेरिकेच्या फॉरिन सर्व्हिस ऑफिसरच्या परीक्षेला ठराविक विषयाची डिग्री लागत नाही, भारताच्या परराष्ट्र सेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, डॉक्टर इंजिनियर सगळे जातात. तिथे परीक्षा पास होणं महत्त्वाचं, तुम्ही काय शिकलात ते नाही.

तुम्हाला यूएनकडे जायचंय असं दिसतं. तिथले नियम वेगळे आहेत आणि ते स्वतः बसून वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. पी-२ ही तिथल्या प्रोफेशनल श्रेणीच्या पदांची साधारण पहिली पायरी, तिथे ॲडव्हान्स्ड डिग्री अधिक दोन वर्षांचा अनुभव मागतात, पी-३ ला पाच वर्षं. पण त्याच जाहिरातीत पुढे लिहिलेलं असतं की नुसती पहिली पदवी असेल तर दोन वर्षं जादा अनुभव धरून चालेल. म्हणजे मास्टर्सची किंमत भरतीच्या नियमात अक्षरशः दोन वर्षांच्या अनुभवाएवढी आहे! दोन वर्षांचा कोर्स करून तुम्ही ती दोन वर्षं विकत घेता. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमला तर बॅचलर्स पुरतं, वय ३२ पर्यंत आणि तुमचा देश त्या वर्षीच्या यादीत हवा, कारण ज्या देशांचे लोक यूएनमध्ये कमी आहेत त्यांनाच बोलावतात. वर्ल्ड बँकेच्या याच नावाच्या प्रोग्रॅमला मात्र मास्टर्स किंवा पीएचडी लागतेच.

पानगळ
गलबत, हिशेब कागदावर बरोबर आहे पण पी-२ ला शेकड्याने अर्ज येतात हो, त्यात नुसती पदवी असलेला माणूस पहिल्याच चाळणीत मागे पडतो. नियमात बसणं आणि निवड होणं यात फार अंतर आहे.

मेघमल्हार
मी मानवतावादी मदतीच्या क्षेत्रात इन्फर्मेशन मॅनेजमेंट करते, तुम्हाला जिथे यायचंय जवळपास तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयआर मास्टर्स मी केलंय. रोजच्या कामात त्यातलं काय वापरते तर सिद्धांत जवळजवळ नाहीच. आमच्याकडे आपत्ती आली की दर महिन्याला सगळ्या संस्थांकडून एक एक्सेल येतं, कोण, काय, कुठे, कधी, याला फोर डब्ल्यू म्हणतात. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात एकच गाव तीन स्पेलिंगांनी लिहिलेलं असतं, एका संस्थेने ब्लँकेटं दिली आणि दुसऱ्या संस्थेने तीच वाटप आपली म्हणून दाखवलेली असते कारण पैसे तिचे होते, आणि बेरीज केली की गावात राहतात त्यापेक्षा जास्त कुटुंबांना मदत मिळालेली दिसते. म्हणून प्रत्येक जागेला पी-कोड असतो, नाव काहीही लिहा, कोड एकच. ते कोड जुळवणं, दुबार नोंदी काढणं, फोन करून विचारणं की ही पाचशे कुटुंबं तीच का मागच्या महिन्यातली, हे माझं काम. त्या आकड्यावर पुढचा निधी ठरतो, त्यामुळे मला ते कधी कंटाळवाणं वाटलं नाही. एका गावाची नोंद चुकली तर तिथे तंबू पोचत नाहीत, इतकं सरळ आहे ते.

आणि तिन्हीसांज, तुम्ही लिहिलंत सर्व्हेचा डेटा साफ करते, तक्ते काढते. अहो हेच तर कौशल्य आमच्याकडे मिळत नाही! आयआर केलेली शंभर मुलं सार्वभौमत्वावर बोलू शकतात, त्यातल्या फार थोड्यांना घाणेरडा डेटासेट दिला तर तो सरळ करता येतो. तुम्ही आत्ताच अर्धी वाट चालून आलायत. कोबो टूलबॉक्स, म्हणजे सर्व्हेचा डेटा गोळा करायचं सॉफ्टवेअर, शिकून घ्या, फुकट आहे, फील्डवर सगळीकडे तेच चालतं. क्यूजीआयएसवर नकाशे करायला शिका. आणि फ्रेंच. फ्रेंच येत असेल तर मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतली कामं उघडतात जिथे नुसत्या इंग्रजीवाल्यांचा अर्जही वाचत नाहीत.

आता वाईट बातमी. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली, मार्चमध्ये जाहीर झालं की यूएसएड, म्हणजे अमेरिकेची परदेशी मदत देणारी सरकारी संस्था, तिचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द, आणि १ जुलैला यूएसएडचं उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्यात विलीन. यूएनची निर्वासितांसाठीची संस्था यूएनएचसीआर, तिचा सगळ्यात मोठा देणगीदार अमेरिका, त्या संस्थेत सुमारे ३,५०० पदं कमी करायचं ठरलं. माझ्या ओळखीतली दहा-पंधरा वर्षं काम केलेली माणसं एका ईमेलने घरी बसली. ती माणसं आता कुठे अर्ज करतायत? खालच्या पदांना. म्हणजे नव्याने डिग्री घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीची स्पर्धा तिच्या बॅचच्या मुलांशी नाही, माझ्या सहकाऱ्यांशी आहे. हे कुठल्याही कॉलेजच्या वेबसाइटवर लिहिलेलं नसतं.

हिशेबी
मेघमल्हार यांचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावा.

माझं म्हणणं थोडक्यात. पहिल्या नोकरीत वर्षाला हातात किती पडेल त्याचा वाईटातला वाईट अंदाज करा. एकूण लोन त्याच्यापेक्षा जास्त होत असेल तर त्या कोर्सला नाही म्हणा, नाव कितीही मोठं असो. एमबीएवाला फेडतो कारण त्याचा पगार तसा असतो, एनजीओत तसा नसतो. आणि सुरुवातीला सहा सहा महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं, मध्ये दोन महिने रिकामे, त्यातही हप्ता थांबत नाही. यूएन सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते हेही धरा, तीही जगातल्या महागड्या शहरांत. यूएनच्याच आयएलओ, युनिसेफ या संस्था काही पैसे देतात, पण सगळे देत नाहीत.

अजून एक. अमेरिकेत १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी लोन बंद, आणि ग्रॅज्युएट कोर्ससाठी सरकारी लोनवर वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण १ लाख डॉलर अशी मर्यादा आली. तुम्ही परदेशी विद्यार्थी असाल तर तुम्हाला ते लोन तसंही मिळत नव्हतं, पण यामुळे तिथल्या महागड्या कोर्सना घरचेच विद्यार्थी कमी पडतील आणि स्कॉलरशिप सैल करावी लागेल असा माझा अंदाज आहे. अर्धी मिळालीय तर आणखी मागा.

पानगळ
सगळं पैशावर आणून ठेवलंत की. मला इथे ठामपणे वेगळं म्हणायचंय.

मी आयआर केलं आणि आज त्या क्षेत्रात नाही, तरी ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात उपयोगी वर्षं होती असं मनापासून वाटतं. एक उदाहरण देते. १९६२ चं क्यूबाचं क्षेपणास्त्र प्रकरण. ग्रॅहम ॲलिसन या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने ते तीन वेगवेगळ्या चष्म्यांतून मांडलं, ते आम्हाला पहिल्या सेमिस्टरला होतं. पहिल्या चष्म्यातून देश म्हणजे एक विचारी माणूस, फायदा तोटा बघून चाल खेळणारा. आता त्यात एक गोष्ट बसतच नाही. सोव्हिएत लोकांनी क्षेपणास्त्रं क्यूबात गुपचूप नेली, प्रचंड काळजी घेऊन, आणि तिथे पोचल्यावर तळ मात्र उघड्यावर बांधले, झाकपाक न करता, त्यांच्या देशात बांधतात तसेच, त्यामुळे अमेरिकेच्या यू-२ या हेरगिरीच्या विमानाच्या फोटोत ते ओळखू आले. विचारी माणूस असं का करेल? दुसऱ्या चष्म्यातून उत्तर मिळतं. नेणारं खातं वेगळं होतं, बांधणारं वेगळं, आणि बांधणाऱ्यांनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने बांधलं. तिसरा चष्मा सत्तेतल्या माणसांच्या आपसातल्या ओढाताणीचा.

हे एकदा डोक्यात बसलं की 'चीनला असं वाटतं', 'अमेरिकेने असं ठरवलं' ही वाक्यं तुम्ही पुन्हा सरळ वाचू शकत नाही. कुठलं खातं, त्याची सवय काय, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे आपोआप विचारता. मी आज एका मोठ्या कंपनीत आहे आणि तिथेही रोज हेच दिसतं.

दुसरं म्हणजे पॉलिसी मेमो. दोन पानं, जास्त नाही. काय करावं ते पहिल्या परिच्छेदात, मग पर्याय, मग तुमच्या शिफारशीवरचा सगळ्यात जोरदार आक्षेप तुम्हीच लिहायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. आमच्या प्रोफेसर तिसरं पान वाचायच्याच नाहीत, फाडून परत द्यायच्या. वीस पानी निबंध लिहिणाऱ्या आम्हा मुलांना ते फार जड गेलं. पण त्यानंतर कुठल्याही मीटिंगमध्ये मी अडले नाही.

हिशेबी
पानगळ ताई, शिक्षणाला नाही कोण म्हणतंय. पण क्यूबावरचं पुस्तक लायब्ररीत मिळतं. मेमो लिहायला दोन वर्षं आणि एवढं लोन?

पानगळ
पुस्तक मिळतं, तुमचा मेमो फाडणारी बाई मिळत नाही. एकट्याने वाचताना आपण आपल्याच मताला पुष्टी देत जातो. वर्गात शेजारी ज्याच्या देशावर निर्बंध आहेत असा मुलगा बसलेला असतो आणि त्याच्यासमोर तुम्हाला निर्बंध किती छान हे मांडायचं असतं. ते पुस्तकातून येत नाही. लोन किती घ्यावं यावर मात्र तुमच्याशी सहमत.

उंबरठा
निर्बंधांचा विषय निघालाच आहे तर माझी बाजू. मी बँकेत सँक्शन्स कंप्लायन्समध्ये आहे, म्हणजे निर्बंधांचे नियम पाळले जातायत का ते बघते ते खातं. आयआरच्या मुलांना हे क्षेत्र कोणी सांगतच नाही, कॅम्पसवर सगळे यूएन आणि थिंक टँकच्या मागे.

काम असं. पेमेंट जाताना नाव अमेरिकेचं निर्बंध खातं ओफॅक, ईयू, यूएन, यूके यांच्या निर्बंधांच्या याद्यांशी ताडलं जातं आणि जुळल्यासारखं वाटलं की अलर्ट पडतो. मोहम्मद हे नाव लॅटिन लिपीत किती प्रकारे लिहितात विचार करा. बहुतेक अलर्ट खोटे असतात, जन्मतारीख, वडिलांचं नाव, पासपोर्ट बघून सोडून द्यायचे. खरं डोकं लागतं मालकीत. ओफॅकचा पन्नास टक्क्यांचा नियम आहे, म्हणजे यादीतल्या एका माणसाकडे कंपनीचे ३० टक्के आणि यादीतल्याच दुसऱ्याकडे २५ टक्के असतील तर बेरीज ५५, कंपनी गोठली, तिचं नाव कुठल्याही यादीत नसलं तरी. ईयूकडे मालकीबरोबर ताबा कोणाचा हेही बघतात, त्यामुळे एकच कंपनी इकडे चालते तिकडे नाही असं होऊ शकतं. जहाजांचं अजून वेगळं, नाव बदलतात, झेंडा बदलतात, पण आयएमओ नंबर म्हणजे जहाजाचा ओळख क्रमांक सात आकडी, तो जहाजाबरोबर जन्मभर राहतो, त्यावरून जुनी भानगड सापडते.

फेब्रुवारी २०२२ नंतर, म्हणजे रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, आमच्याकडे माणसं पुरेनाशी झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनसाठी चिप्सवर निर्यात नियंत्रण आणलं, मग चिप कंपन्यांनाही असे लोक हवेत. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली, तेव्हा विमा कंपन्या, शिपिंग कंपन्या राजकीय जोखीम समजणारी माणसं शोधत होत्या. वकील नियम वाचतो, पण नियम का आला आणि उद्या कुठे वळेल हे आयआर केलेल्याला जास्त चांगलं कळतं. डिग्रीचा उपयोग इथे अगदी रोज होतो, आणि पगारही ठीक.

तिन्हीसांज
बापरे, एवढं सगळं! खूप आभार. मेघमल्हार, तुमचं वाचून एकाच वेळी धीरही आला आणि भीतीही वाटली. उंबरठा, हे खरंच माहीत नव्हतं, पण मन निर्वासितांच्या कामातच आहे.

अजून दोन प्रश्न. एक वर्ष की दोन वर्षं? आणि पुढेमागे पीएचडी करावीशी वाटली तर हे मास्टर्स चालेल का?

उलटा_प्रवाह
पीएचडीचं मी सांगतो, शिकवतो याच विषयात. प्रोफेशनल मास्टर्स आणि पीएचडीची वाट वेगळी आहे. अमेरिकेत पीएचडीला बऱ्याच ठिकाणी बॅचलर्सनंतर थेट घेतात आणि फी माफ करून वर स्टायपेंड देतात. पीएचडी डोक्यात असेल तर लोन काढून आधी प्रोफेशनल मास्टर्स करणं मला पटत नाही. युरोपात मात्र पीएचडीआधी मास्टर्स बहुतेक ठिकाणी लागतं, पण त्यात थीसिस आणि रिसर्च मेथड्स असायला हव्यात.

थोडा इतिहास, कारण त्यावरून कोर्स ओळखता येतो. हा विषय विद्यापीठात आला तोच पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली वेल्समध्ये ॲबरिस्टविथला पहिलं अध्यासन झालं, युद्ध का होतात हे समजून घ्यायला. त्याच वर्षी जॉर्जटाउनची स्कूल ऑफ फॉरिन सर्व्हिस निघाली, तिचा हेतू माणसं तयार करण्याचा. एक परंपरा प्रश्न समजून घेणारी, एक कामाला लावणारी, आणि आजही प्रत्येक कोर्स या दोघांतल्या एकीकडे झुकलेला असतो. फ्लेचर, साइस या अमेरिकेतल्या संस्था दुसऱ्या बाजूच्या. जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट, १९२७ ची, दोन्हीचं मिश्रण आहे आणि तुमच्या विषयासाठी तिथे यूएनएचसीआर, आयओएम ही स्थलांतराची संस्था, रेड क्रॉस सगळे त्याच शहरात. अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचे किती पेपर सक्तीचे आहेत ते बघा. एकही नसेल तर मी तो कोर्स घेऊ नका म्हणेन.

गलबत
एक की दोन याबद्दल. एक वर्षाच्या कोर्समध्ये मधली उन्हाळी सुट्टी नसते, म्हणजे इंटर्नशिप करायला जागाच नाही, ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू होतात आणि लगेच नोकरीचे अर्ज भरायला लागतात. ज्याला काही वर्षांचा अनुभव आहे त्याने एक वर्ष करावं, ज्याला नाही त्याने दोन. तुम्ही मधल्या आहात. निर्वासितांच्या कामाचा अनुभव शून्य आहे, डेटाचा आहे.

आणि नागरिकत्व, हे कोणीच लिहिलं नाही. वॉशिंग्टनमधल्या सरकारी नोकऱ्या, सिक्युरिटी क्लिअरन्स लागणाऱ्या सगळ्या जागा, अमेरिकन नागरिक नसाल तर बंद. शिकून झाल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणितात धरलेल्या कोर्सला आणखी २४, आयआर सहसा स्टेममध्ये बसत नाही. यूएनमधल्या जेपीओच्या, म्हणजे तरुणांसाठीच्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या, जागा ज्या सरकारने पैसे दिले ती बहुतेक आपल्याच नागरिकांना देते. कॉलेज सांगतं आमचे इतके विद्यार्थी नोकरीला लागले. विचारा की त्यातले परदेशी पासपोर्टवाले किती, आणि ते कुठे लागले. हा आकडा वेगळा मागितल्याशिवाय मिळत नाही.

मेघमल्हार
गलबतला जोरदार अनुमोदन. माझ्या बॅचमध्ये जे मागे पडले ते हुशारीत कमी नव्हते, पासपोर्टमुळे अडकले, ते बघून फार वाईट वाटायचं.

तिन्हीसांज, माझं मत विचाराल तर आत्ता लगेच जाऊ नका. आधी यूएन व्हॉलंटियर म्हणून किंवा एखाद्या एनजीओत डेटाच्या कामाला लागायचा प्रयत्न करा. व्हॉलंटियर म्हणतात पण महिन्याचा भत्ता मिळतो आणि तो अनुभव अर्जात दिसतो. एक-दोन वर्षं निर्वासितांच्या कार्यक्रमाच्या आतून काढलीत की कळेल की तुम्हाला आयआर हवं, की स्थलांतराचा कायदा हवा, की सरळ संख्याशास्त्र. आज बाजारात डिग्री घेऊन उभे असलेले खूप आहेत, पण छावणीतल्या नोंदणीच्या टेबलावर बसलेले थोडे. मग मास्टर्स करायला गेलात तर स्कॉलरशिपही जास्त मिळते कारण तुमच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

पानगळ
हे मलाही पटतंय. शिकायला जाच, पण प्रश्न घेऊन जा. वर्गात कामाचा अनुभव घेऊन आलेली मुलं आमच्यापेक्षा दुप्पट शिकायची.

हिशेबी
+१. आणि नोकरी मिळेपर्यंत सध्याची सोडू नका.

तिन्हीसांज
रात्री सगळं पुन्हा वाचून काढलं. लंडनला नाही कळवणार आहे. अमेरिकेतल्या कोर्सला विचारते की प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि तोवर व्हॉलंटियरच्या जागांना अर्ज सुरू करते. फ्रेंचचे वर्ग या आठवड्यातच बघते. असं प्रवेश पुढे ढकलणं सहज मिळतं का? कारण विचारलं तर काय लिहावं?

मेघमल्हार
खरं कारण लिहा, निर्वासितांच्या कार्यक्रमात कामाचा अनुभव घ्यायचाय म्हणून. या कोर्सना अनुभव असलेले विद्यार्थी हवेच असतात. फक्त एक गोष्ट नीट विचारा. काही ठिकाणी प्रवेश पुढच्या वर्षापर्यंत टिकतो पण स्कॉलरशिप टिकत नाही, तिच्यासाठी नव्याने अर्ज करायला लावतात. तुमची अर्धी फी पुढच्या वर्षीही माफ राहणार का, हे ईमेलवर लेखी मागून घ्या, फोनवर 'हो हो' म्हणाले तर त्यावर जाऊ नका. डिपॉझिट भरायला सांगितलं तर ते परत मिळतं का तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आणि कोबो टूलबॉक्सवर खातं आजच उघडा, काही अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.